वाचक विचारतात : आजीचं साल, आजीची मूठ

या वेळी आलेल्या पत्रांत आज्याच जास्त आहेत. कुणाला आजीची माहिती लिहून ठेवायची आहे, कुणाला तिच्या वस्तू जपायच्या आहेत. पाच पत्रं निवडली आहेत.

आजीच्या आधार कार्डावर १ जून १९३८ आहे. ती म्हणते, "मार्शल लॉत माझा थोरला भाऊ रांगत होता, मी त्याच्या पाठची." खरं साल कसं काढायचं? (साखर पेठ, सोलापूर)

आधी १ जून विसरा. शाळेत नाव घालताना मास्तरांनी लिहिलेली ही तारीख निम्म्या महाराष्ट्राच्या कागदांवर आहे. आजीच्या तोंडचा पुरावा त्यापेक्षा भक्कम आहे. सोलापुरात मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल, लागला मे १९३० मध्ये. मूल साधारण सात ते दहा महिन्यांचं असताना रांगतं, म्हणजे भाऊ १९२९ च्या उत्तरार्धातला. पाठच्या भावंडात दोन-तीन वर्षांचं अंतर धरलं तर आजी १९३१-३२ मधली ठरते. इथं एक चूक हमखास होते. मधलं एखादं मूल दगावलेलं असलं तरी पुढच्या मुलाला पाठचंच म्हणतात. म्हणून "मधलं कुणी गेलं का गं?" हे हळूच विचारून घ्या. उत्तर हो आलं, तर साल दोन-तीन वर्षं पुढं सरकेल.

मग दुसऱ्या टोकाकडून पडताळा. हैदराबादची पोलीस कारवाई सप्टेंबर १९४८ ची. लग्न रझाकारीच्या (निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांच्या धुमाकुळाच्या) आधीचं की नंतरचं, हे निजामाच्या हद्दीजवळच्या गावातल्या बाईला सहसा पक्कं आठवतं. बहात्तरच्या दुष्काळाबद्दल "तेव्हा तुझं वय काय होतं?" असं विचारू नका, उत्तर येणार नाही. "खडी फोडायला जाताना कडेवर कोण होतं?" असं विचारा. त्या लेकराच्या वयावरून हिशेब मागं नेता येतो.

जन्मटिपण सापडलं तर शकात ७८ मिळवा. माघ-फाल्गुनातला जन्म असेल तर ७९, पौषात मात्र जानेवारी लागलाय का ते पंचांगात बघा. शके १८५४ चा माघ म्हणजे १९३३ ची सुरुवात. संवत्सराचं नाव असेल तर ताळा जमतो: १९३२-३३ अंगिरा, १९३३-३४ श्रीमुख. सरकारी नोंद हवी असेल तर तहसिलात गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही, मागा. बारशाआधीच नोंद झालेली असते, त्यामुळं आजीचं नाव सापडेलच असं नाही. तिच्या वडिलांच्या नावानं शोधा. नोंद मोडी लिपीत असू शकते, तेव्हा वाचणारा सोबत न्या.

एवढं करूनही एकच साल हाती आलं नाही तर "१९३१-३२ च्या दरम्यान" असंच लिहून ठेवा. आणि पुढं कधी पुण्यस्मरणाच्या मजकुरात "वयाच्या ९२ व्या वर्षी" लिहिलंत तर त्याचा अर्थ ९१ पूर्ण असा होतो. बहुतेक जाहिरातींत इथंच एक वर्ष चुकतं.

आजीचं बोलणं रेकॉर्ड करायचंय. ती घरात कानडी बोलते, आमचं मराठी. शेजारी यंत्रमागाचा आवाज असतो. (अशोक चौक)

तिला कानडीतच बोलू द्या. मराठीत बोलायला लावलंत की ती पाहुण्यांशी बोलावं तसं बोलेल, नेमकी घरातली माणसं आणि शिव्या गळून जातील. नंतर देवनागरीत तिचे शब्द जसेच्या तसे उतरवा आणि खाली मराठी अर्थ लिहा.

मागाला सुट्टी असेल त्या दिवशी सकाळी बसा. पंखा बंद लागतो, त्यामुळं उन्हाळ्यात दुपार नकोच. फोन विमान मोडवर टाका आणि घडी घातलेल्या चादरीवर तिच्यापासून हातभर अंतरावर ठेवा. नुसत्या टेबलावर ठेवला तर प्रत्येक कप आपटल्याचा आवाज येतो. कवळी लावायला सांगा. वीस-पंचवीस मिनिटं पुरे, दमलेला आवाज कामाचा नसतो. "तुझं आयुष्य सांग" म्हटलं तर "काय सांगायचंय त्यात" एवढंच येईल. विडीचं पान कापायची कात्री, चाळीतला नळ, गड्ड्याच्या जत्रेत घेतलेली बांगडी, अशी एकेक वस्तू विचारा. फाइलला तारीख आणि विषयाचं नाव द्या. व्हॉट्सअॅपवर पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा आणि तीन ठिकाणी ठेवा.

आजीची शेंगाचटणी आमच्याकडून तशी होत नाही. प्रमाण विचारलं तर "मूठभर, चिमूटभर" म्हणते. (जुळे सोलापूर)

प्रमाण विचारू नका, मोजा. शेंगदाण्याचं भांडं काट्यावर ठेवा, तिला त्यातून मूठ घेऊ द्या, आणि वजन किती कमी झालं ते लिहा. असं तीनदा करा आणि मधला आकडा धरा. लसणाच्या पाकळ्या आणि तिखट-मिठाची चिमूटही अशीच. ताळ्यासाठी आमचं प्रमाण सांगतो: अर्धा किलो दाणे, वीस-पंचवीस पाकळ्या, दोन-तीन मोठे चमचे लाल तिखट, चमचाभर जिरं, चवीपुरतं मीठ.

दाणे लोखंडी कढईत मंद आचेवर, साल सुटून काळे ठिपके पडेपर्यंत भाजा. मोठ्या आचेवर बाहेरून करपतात आणि आत कच्चे राहतात; मग चटणी दोन दिवसांत कच्चट लागते. गरमागरम डब्यात भरलीत तर वाफ धरून चटणी लवकर खराब होते. उखळात आधी लसूण, जिरं, मीठ आणि तिखट, मग दाणे थोडे थोडे. मुसळाचा आवाज ऐका. दाणे अख्खे असताना कोरडा ठक् येतो; तेल सुटू लागलं की तो जड, दबका होतो आणि मुसळाला चटणी चिकटायला लागते. मुठीत दाबून गोळा राहिला की थांबायचं. हा आवाजही रेकॉर्ड करून ठेवा, आकड्यांपेक्षा तोच जास्त शिकवतो.

मिक्सरमध्ये पात्याजवळचे दाणे तापून लोणी होतात आणि वरचे तसेच राहतात. मिक्सरच वापरायचा असेल तर दोन-दोन सेकंद फिरवा आणि दर वेळी चमच्यानं वर-खाली करा. सगळं मोजूनही चव चुकली तर तिखट तपासा: ब्याडगीनं रंग येतो, झणका नाही.

आजीचा एकच जुना फोटो आहे, काचेला चिकटलेला. सोडवू का? (बाळे)

सोडवू नका, वरचा थर काचेवर राहील. काच बाहेरून पुसा आणि खिडकीच्या आडव्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून, फोन फोटोला समांतर धरून चार-पाच फोटो काढा. पाकिटाएवढ्या फोटोचं भिंतभर चित्र करायला जाऊ नका, चेहरा मेणाचा दिसतो. सहा बाय नऊ इंच पुरे.

आजीची तीन इरकली लुगडी आहेत. वाकळ शिवावी की जपून ठेवावी? (होटगी रोड)

सगळ्यात विरलेल्या लुगड्याची वाकळ, सगळ्यात चांगलं ठेवणीत. तिसऱ्यावरून भांडण होणारच.

नऊवार म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर. रेशमी टोपपदर (इरकलीचा जोडून विणलेला पदर) आधी काढून घ्या. तो सुतापेक्षा वेगळा आटतो आणि वाकळीला चुण्या पाडतो. उरलेल्या सुमारे साडेसात मीटरचे चार सारखे तुकडे केले की एकट्या माणसापुरती चार पदरी वाकळ होते. शिवण्याआधी ओलं पांढरं फडकं कापडावर दाबून रंग जातो का बघा. खळ असेल तर साध्या पाण्यात रात्रभर भिजवा आणि सावलीत वाळवा. चारी थर पसरून मधून कडेकडे, वीतभर अंतरानं कच्चे टाके घाला. कडेपासून सुरुवात केली तर मधे झोळ येतो. मग दोरा दुहेरी घेऊन बोटाबोटावर धावदोरा.

ठेवणीतलं लुगडं खळ काढून, जुन्या धुतलेल्या धोतरात गुंडाळा. खळीवर कसर लागते आणि प्लॅस्टिकमध्ये दमट हवा कोंडते. डांबराच्या गोळ्या कापडाला टेकू देऊ नका. पाडव्याला आणि दिवाळीला घडी बदला, नाहीतर कापड घडीवरच चिरतं. आत आजीचं नाव आणि लुगडं कधीचं ते लिहून ठेवा, पण शिसपेन्सिलीनं; शाई दमटपणानं फुटून कापडावर उतरते.