बल्बवर चालतं आणि बॅटरीवर बंद पडतं? आयसी बदलत बसू नकोस

प्रश्न दोन ओळींत परत मांडतो, म्हणजे मागाहून वाचणाऱ्यांचा गोंधळ व्हायचा नाही. वडोदऱ्यातल्या एका खासगी कॉलेजात शेवटच्या वर्षाला असलेली दोन मुलं 100 वॉटच्या सोलर पॅनलवरून 12 व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी चार्ज करणारा एमपीपीटी चार्जर (पॅनलमधून दर क्षणी जास्तीत जास्त पॉवर ओढणारा) बनवताहेत. व्होल्टेज खाली आणणारा बक कन्व्हर्टर, त्यात स्विच म्हणून आयआरएफझेड44एन मॉस्फेट, त्याचं गेट चालवणारी आयआर2110 ड्रायव्हर आयसी, शॉटकी डायोड, आणि पल्स द्यायला आर्डुइनो उनो हा कंट्रोलर बोर्ड. आउटपुटला बल्ब लावला की सगळं झकास चालतं, बॅटरी लावून सुरू केलं की ढिम्म. त्यांनी आयसी नकली समजून बदलून पाहिल्या. आता म्हणणं असं की कोणीतरी ‘चालणारं सर्किट’ द्या आणि आयट्रिपलईचे (इलेक्ट्रिकल-इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअरांची जागतिक संस्था) पेपर फुकट कुठे मिळतात तेही सांगा, त्यात उत्तर असेलच.

मी एकेरीवर येतोय, वयाचा फायदा घेतोय, राग मानू नकोस.

पहिलं म्हणजे त्या पेपरांत तुझ्या या प्रश्नाचं उत्तर नाही. पेपर हवेतच, ते कसे मिळवायचे ते खाली सांगतो. पण एमपीपीटीवरचे बहुतेक पेपर अल्गोरिदमवर असतात. त्यातला स्विच म्हणजे सिम्युलिंक या सिम्युलेशन सॉफ्टवेअरमधला आदर्श स्विच, त्याला गेट ड्रायव्हर लागत नाही. लोड म्हणून बऱ्याचदा सरळ एक रेझिस्टर असतो. रेझिस्टरवर तर तुझंही चालतंच की! घोडं अडलंय ते बॅटरीपाशी.

मल्टिमीटर घे. बॅटरी जोडलेली, पॅनल जोडलेलं, कोड चालू. आयआर2110 च्या पिन 6 आणि पिन 5 च्या मध्ये, म्हणजे व्हीबी (वरच्या गेटच्या सप्लायचा प्लस) आणि व्हीएस (त्याचा मायनस, मॉस्फेटच्या सोर्सला जोडलेला) यांच्यामध्ये, किती व्होल्ट येतात ते बघ. माझा अंदाज, जवळजवळ शून्य. मग बॅटरी काढून बल्ब लाव आणि तिथेच परत मोज. अकराच्या आसपास दिसतील.

असं का होतं ते नीट समजून घे, कारण व्हायव्हात हाच प्रश्न येणार आहे. वरच्या बाजूच्या एन-चॅनल मॉस्फेटला चालू करायला त्याच्या सोर्सपेक्षा दहा-बारा व्होल्ट जास्त गेटवर द्यावे लागतात. ते बूटस्ट्रॅप कपॅसिटर देतो. हा कपॅसिटर भरतो तुझ्या 7812 रेग्युलेटरच्या 12 व्होल्टमधून, डायोडमार्फत, आणि तोही फक्त तेव्हाच जेव्हा व्हीएस पिन खाली, जमिनीच्या जवळ असते. बल्ब असताना सुरुवातीला आउटपुट शून्य असतं. इंडक्टर आणि फिलामेंट यांच्यातून व्हीएस जमिनीला टेकलेलं असतं, कपॅसिटर भरतो, पहिला पल्स जातो आणि गाडी सुरू होते. बॅटरी असताना तीच व्हीएस पिन इंडक्टरमधून थेट बॅटरीच्या 12.6 व्होल्टवर बसलेली असते. खालून 12, वर 12.6. कपॅसिटर भरणार कशाने? व्हीबी-व्हीएस साडेआठच्या आसपास पोचत नाही तोवर ड्रायव्हरचं आतलं अंडरव्होल्टेज लॉकआउट गेटला पल्स सोडतच नाही. पल्स नाही म्हणून इंडक्टरमध्ये करंट नाही, करंट नाही म्हणून शॉटकी वाहत नाही, शॉटकी वाहत नाही म्हणून व्हीएस खाली येत नाही. बिचारी आयसी डेटाशीटमध्ये लिहिलंय तेच करते आहे. (नकली आयसी बाजारात असतात हे खरं. पण नकली आयसी बल्ब आणि बॅटरी यांत भेदभाव करत नाही.)

सकाळ-संध्याकाळ ऊन कमी असताना हीच भानगड पुन्हा होईल. करंट कमी झाला की तो प्रत्येक चक्रात शून्याला टेकतो, व्हीएस पुन्हा बॅटरीच्या व्होल्टेजवर जाऊन बसते आणि कपॅसिटरला भरायला वेळ मिळत नाही. म्हणजे कसंबसं सुरू केलंस तरी ढग आला की बंद.

उपाय दोन. सबमिशन तोंडावर असेल तर पहिलाच कर: बी1212एस नावाचं एक वॉटचं छोटं आयसोलेटेड डीसी-डीसी मॉड्यूल मिळतं. त्याच्या इनपुटला 7812 चे 12 व्होल्ट दे, आउटपुटचा प्लस व्हीबीला आणि मायनस व्हीएसला लाव, बूटस्ट्रॅप डायोड काढून टाक, कपॅसिटर राहू दे. मॉस्फेटचा गेट चार्ज जास्तीत जास्त 63 नॅनोकुलोम, 50 किलोहर्ट्झला ड्रायव्हिंगची पॉवर वॉटच्या पंचवीसाव्या हिश्श्याएवढीही होत नाही. मॉड्यूलला तो भार काहीच नाही. ऊन कमी होवो, बॅटरी भरलेली असो, गेटला व्होल्टेज मिळतंच.

दुसरा उपाय जास्त अभ्यासू. आयआर2110 चा खालचा अर्धा भाग, पिन 1 वरचं एलओ, तू मोकळा सोडला आहेस. शॉटकीच्या समांतर दुसरा मॉस्फेट लाव, आणि सुरुवातीला फक्त त्यालाच थोडे बारीक पल्स दे, म्हणजे व्हीएस खाली ओढली जाऊन कपॅसिटर भरेल. पल्स बारीकच हवेत. तुझा इंडक्टर 100 मायक्रोहेन्रीचा आहे. 12.6 व्होल्टला 5 मायक्रोसेकंदात त्यात 0.63 अँपिअर उलटा करंट चढतो, तेवढं चालेल. पण दोन पल्समध्ये तो उतरायला वेळ सोड. आयआर2110 स्वतःहून डेड टाइम (दोन्ही मॉस्फेट बंद असतात तो मधला वेळ) देत नाही, तो कोडमधून द्यावा लागतो. उनोचा टायमर 1 फेज-करेक्ट मोडमध्ये टाक, टॉप (टायमरच्या मोजणीची कमाल) 160 ठेव म्हणजे 50 किलोहर्ट्झ मिळतील, पिन 9 सरळ आणि पिन 10 उलटी चालव आणि 10 चा कंपेअर आकडा 9 च्यापेक्षा 4 ने जास्त ठेव. दोन्ही कडांना 250 नॅनोसेकंद मोकळे मिळतात. आणि करंट कमी झाला की खालचा मॉस्फेट बंद करायला विसरलास तर बॅटरी उलटी पॅनलकडे वाहायला लागेल. बक उलटा चालवला की तो बूस्टच असतो. दोन आठवडे हातात नसतील तर या वाटेला जाऊ नकोस.

तू विचारलं नाहीस, पण तुझ्या आकृतीत दिसतंय म्हणून सांगतो. रात्री पॅनल अंधारात असताना बॅटरीचा करंट इंडक्टरमधून मॉस्फेटच्या बॉडी डायोडमार्फत पॅनलकडे परत जाईल. रात्री आर्डुइनोचा दिवा लागलेलाच राहतो असं तू लिहिलंयस ना, ते त्यामुळेच. पॅनलच्या प्लसमध्ये एक शॉटकी टाक. थोडं व्होल्टेज खाईल, पण प्रोजेक्टला चालेल.

आता ‘चालणारं सर्किट द्या’बद्दल. देता येईल, पण तुझ्या पोस्टमध्ये ब्लॉक डायग्राम आहे, सर्किट नाही. चौकोनात ‘गेट ड्रायव्हर’ लिहिलेलं बघून कोणी काय सांगणार? मी बॅटरीचा अंदाज बांधला तो ‘बल्बवर चालतं’ या एका वाक्यावरून. तेवढं एक वाक्य नसतं तर मीही आयसी बदल म्हणालो असतो. कायकॅडमध्ये पूर्ण आकृती काढ, फुकट आहे, प्रत्येक भागाची किंमत आणि पिन नंबर लिही. एलटीस्पाइस या सिम्युलेशन सॉफ्टवेअरमध्ये चालवताना आउटपुटला रेझिस्टर न ठेवता 12.6 व्होल्टचा सोर्स आणि त्याच्याबरोबर मालिकेत 50 मिलिओहम ठेव. घरबसल्या हाच बिघाड दिसेल. त्यासाठी मॉडेल मात्र खऱ्या ड्रायव्हरचं हवं, नाहीतर बूटस्ट्रॅपचे भाग तरी स्वतः मांडावे लागतील. आणि 50 किलोहर्ट्झला 6 अँपिअर ब्रेडबोर्डवरून नेऊ नकोस, फोटोत त्या लाल-पिवळ्या जंपर वायरी बघून पोटात गोळा आला. पॉवरचा भाग झीरो बोर्डावर जाड तारेने सोल्डर कर.

वाचायचं काय? या कामासाठी पेपरच्या आधी ॲप्लिकेशन नोट्स. इंटरनॅशनल रेक्टिफायरची एएन-978 तुझ्याच ड्रायव्हरच्या कुटुंबावर आहे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची एसएलयूए618 मॉस्फेट आणि आयजीबीटीच्या गेट ड्रायव्हिंगवर, आणि एसएलव्हीए477 बक कन्व्हर्टरचा इंडक्टर-कपॅसिटर कसा काढायचा त्यावर. सगळ्या फुकट, लॉगिनसुद्धा लागत नाही. मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत ड्राइव्ह आणि यूपीएस दुरुस्त करणारे लोक याच वाचून पोट भरतात. आयट्रिपलईचा चेहरासुद्धा त्यांनी पाहिलेला नसतो.

लिटरेचर सर्व्हेला मात्र पेपर लागतातच, गाइड सोडणार नाहीत. तुला दोन पुरेत, बाकीचे त्यांच्या संदर्भांतून सापडतील. एस्रम आणि चॅपमन यांचा 2007 चा एमपीपीटी पद्धतींच्या तुलनेचा पेपर, ज्यात किमान 19 पद्धती मांडल्यात. आणि फेमिया व सहकाऱ्यांचा 2005 चा, पर्टर्ब अँड ऑब्झर्व्हमध्ये (थोडं हलवून पॉवर वाढते का ते बघायची एमपीपीटी पद्धत) पायरी केवढी आणि किती वेळाने घ्यायची यावरचा. तुझा कोड जागच्या जागी हेलकावे खातो त्याचं उत्तर या दुसऱ्यात आहे.

मिळवायचे कसे? सरकारची ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना 1 जानेवारी 2025 पासून सुरू झाली. तीस प्रकाशक, सुमारे 13,000 जर्नल्स, आयट्रिपलई त्यात आहे, तीन वर्षांना 6,000 कोटी. चालवतं आपल्या गांधीनगरचं इनफ्लिबनेट, विद्यापीठांच्या ग्रंथालयांना जोडणारं केंद्र. पण ती केंद्र आणि राज्य सरकारच्या संस्थांसाठी आहे. एम. एस. युनिव्हर्सिटीतल्या पोराला कलाभवनात (तिथल्या इंजिनिअरिंग विभागात) बसून जे उघडतं ते तुला खासगी कॉलेजात उघडत नाही. ज्या गावात सयाजीरावांनी 1910 मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल बोर्डनसाहेबांना बोलावून फुकट वाचनालयांची चळवळ उभी केली तिथे ही गत, काय बोलणार.

म्हणून मित्राचा पासवर्ड मागायचा मोह होईल. मागू नकोस. एका खात्यातून धडाधड डाउनलोड झाले की प्रकाशक कधीकधी अख्ख्या संस्थेचा प्रवेश अडवतात, आणि बोंब मित्राच्या नावाने होते. साय-हबचं (परवानगीशिवाय पेपर फुकट देणारी साइट) नाव कोणीतरी घेईलच म्हणून: दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट 2025 मध्ये ते भारतात ब्लॉक करायचा आदेश दिला आहे.

सरळ रस्ते बरेच आहेत. गूगल स्कॉलरवर पेपरचं पूर्ण नाव टाक आणि खाली ‘सर्व आवृत्त्या’वर क्लिक कर. आयट्रिपलई लेखकाला स्वीकारलेली प्रत स्वतःच्या किंवा विद्यापीठाच्या साइटवर ठेवू देतं, ती पुष्कळदा तिथे सापडते. ब्राउझरमध्ये अनपेवॉल टाकलंस तर हेच काम ते आपोआप करतं. आयट्रिपलई ॲक्सेस हे जर्नल तर पूर्ण खुलं आहे. शोधगंगेवर आपल्या विद्यापीठांचे पीएचडी प्रबंध आहेत. त्यातलं दुसरं प्रकरण म्हणजे बहुधा तयार लिटरेचर सर्व्हे असतो, आणि प्रयोगाच्या प्रकरणात खऱ्या बोर्डाचे फोटो, ऑसिलोस्कोपचे स्क्रीन, सगळं असतं. ढापू नकोस, पण संदर्भ कुठले ते बघ.

कॉलेजच्या ग्रंथपालांना ‘डेलनेट आहे का?’ असं विचार. ते ग्रंथालयांचं एकमेकांना पुस्तकं-लेख पुरवणारं जाळं आहे. पुष्कळ खासगी कॉलेजं मान्यतेच्या कागदांसाठी सदस्य होतात आणि पोरांना कळवतच नाहीत. डेलनेटकडून लेखाची प्रत मागवता येते, फक्त अर्ज ग्रंथपालांमार्फत जावा लागतो. एम. एस. युनिव्हर्सिटीच्या हंसा मेहता लायब्ररीत बाहेरच्या विद्यार्थ्याला काय बघता येतं तेही कॉलेजचं पत्र घेऊन जाऊन विचार, फोनवर नीट उत्तर मिळत नाही.

आणि हे काहीच जमलं नाही तर लेखकाला मेल. विषयात पेपरचं नाव आणि वर्ष. आत चारच ओळी: कुठे शिकतोस, काय बनवतोस, त्या पेपरातला कुठला भाग तुला हवा आहे, प्रत पाठवता येईल का. ‘रिस्पेक्टेड सर, आय ॲम अ पूअर स्टुडंट’ हे नको. कुठला भाग हवा ते लिहिलंस की समोरच्याला कळतं की ॲब्स्ट्रॅक्ट तरी वाचलाय, आणि प्राध्यापक मंडळींना आपला पेपर कोणी वाचतंय याचा आनंद होतो. आठवड्यात उत्तर नाही आलं तर दुसऱ्या सहलेखकाला पाठव, बहुतेक वेळा काम केलेला पीएचडीवाला तोच असतो.

‘आमचं जर्नल तीन दिवसांत छापतं, फी एवढी’ अशा मेल येतील त्यांना उत्तर देऊ नकोस. तसल्या जर्नलांतली सर्किटंही उचलू नकोस, ती एकमेकांची नक्कल असतात. तुझ्या फोटोत आयआर2110 ची एसडी (शटडाउन) पिन मोकळी दिसते, ती चूक तसल्याच कुठल्या पेपरातून आली असावी. ती पिन 11 जमिनीला जोड.

आधी व्हीबी-व्हीएसचे दोन आकडे घे, बॅटरीवर एक आणि बल्बवर एक, आणि पूर्ण आकृतीबरोबर इथेच टाक. बॅटरीवरही अकरा व्होल्ट दिसले तर माझं निदान चुकलं, मग आयआर2110 च्या पिन 10 वर, म्हणजे वरच्या बाजूच्या इनपुटला, पल्स पोचतोय का तिथून सुरू करू.