वारा किती, यापेक्षा तो बदलतो किती

ग्लायडरच्या, म्हणजे बिनइंजिनाच्या विमानाच्या, उड्डाणातल्या पहिल्या काही सेकंदांबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना ही उत्तरं.

विंचने (जमिनीवरून केबल गुंडाळत ओढणाऱ्या यंत्राने) ओढताना ग्लायडरचा एक पंख गवताला लागला आणि क्षणात तो उलटा झाला, असा व्हिडिओ पाहिला. वारा फारसा दिसत नव्हता. मग असं का व्हावं? (घोडबंदर रोड, ठाणे)

ग्लायडरच्या पोटाखाली मुख्य चाक एकच असतं. उभा असताना तो एका पंखावर कललेला असतो. निघताना एकजण पंखाचं टोक धरून सोबत धावतो. त्याचा हात सुटला की पंख समतोल राखायचं काम एलेरॉनवर, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या झडपांवर, येतं, आणि एलेरॉनवरून हवा वेगाने वाहिल्याशिवाय त्यांचा उपयोग होत नाही. नेमका तेव्हाच बाजूने झोत आला, तर वाऱ्याकडचा पंख उचलला जातो आणि दुसरा खाली जातो. त्याचं टोक गवतात अडकलं की ती बाजू मागे राहते, केबल मात्र पुढे ओढतच असते. विंच काही सेकंदांत ताशी १०० किलोमीटरच्या आसपास वेग देते. एवढ्या ओढीत ग्लायडर टोकाभोवती गरकन फिरतो आणि उलटतो.

यावर उपाय एकच: पंख सावरता येत नाही असं वाटताच, तो जमिनीला लागण्याआधीच, पिवळी मूठ ओढून केबल सोडायची. म्हणूनच डावा हात सुरुवातीपासून त्या मुठीवर ठेवायला शिकवतात. ‘बघू, सावरेल’ असं म्हणायला तिथे वेळच नसतो. केबल सोडल्यावर ग्लायडर बहुतेक वेळा थोडा घसटत थांबतो. फुकट जातं ते एक लाँच, आणि ते जाऊ द्यावं.

वारा समोरून असला तर फायदाच ना? मग समोरचा झोत धोक्याचा कसा? (घणसोली)

झोत येतो तेव्हा फायदा होतो, तो थांबतो तेव्हा घात. पंखाची उचल वेगाच्या वर्गावर अवलंबून असते. झोत ओसरून पंखावरून जाणाऱ्या हवेचा वेग २० टक्के घटला, तर उचल ६४ टक्केच उरते. उंची भरपूर असेल तर नाक खाली करून वेग परत मिळवता येतो. जमिनीलगत तेवढी जागा नसते.

विंचच्या चढाईत आणखी एक गोष्ट असते, आणि नवशिक्यांना ती पटायला वेळ लागतो. केबल ग्लायडरला पुढे ओढते तशी खालीही ओढते. पंखांवरचा भार वजनाच्या दुप्पट झाला, तर एरवी ताशी ६५ किलोमीटरला स्टॉल होणारा (म्हणजे वेग कमी पडून पंखांची उचल एकदम ढासळणारा) ग्लायडर ९२ ला होतो. म्हणून जमीन सुटल्या सुटल्या नाक झटक्याने वर घेणं अत्यंत धोकादायक आहे. झोताच्या वाऱ्यात तर अजिबात घाई नको. झटक्याने भार वाढला तर केबलमधला मुद्दाम कमजोर ठेवलेला दुवा तुटतो. तो तुटावा म्हणूनच बसवलेला असतो. तुटला की आधी नाक खाली, आणि पुरेसा वेग येईपर्यंत वळायचं नाही.

जर्मनीचा ओटो लिलिएंथाल याच शास्त्राचा पाया घालणारा माणूस. ९ ऑगस्ट १८९६ रोजी उड्डाणात त्याच्या ग्लायडरचं नाक वर गेलं, वेग संपला आणि तो कोसळला. दुसऱ्या दिवशी त्याचा मृत्यू झाला.

कामशेतला पॅराग्लायडिंगला जातो. तिथेही हेच लागू का? (कळवा)

स्टॉलचं शास्त्र तेच, बाकी बरंच वेगळं. तिथे केबल नसते. झोतामुळे छत्रीने मागे खेचलंच, तर तिच्याशी झुंजू नका, तिच्या दिशेने धावा म्हणजे तिच्यातला जोर कमी होतो. आणि झोत सुरू असताना छत्री उघडूच नका.

मुलगी पुण्याला ग्लायडिंग शिकायला जाणार आहे. मोबाइलवर वारा ताशी १५ किलोमीटर दाखवत असेल तर निश्चिंत राहू का? (नेरूळ)

नाही ताई, तो आकडा सरासरीचा असतो. विमानतळांच्या हवामान अहवालात सरासरीपेक्षा १० नॉट, म्हणजे ताशी साधारण १८ किलोमीटर, जास्त झोत असतील तर ते वेगळे लिहितात. तो फरकच महत्त्वाचा. हा अनुभव तुम्हाला घराजवळही येईल: खाडीकाठी एकसारखा वाटणारा वारा पारसिकच्या डोंगराआड गेलात की तुटक होतो, दिशा बदलत राहतो. एप्रिल-मेच्या दुपारी वळवाचा ढग लांब असतानाच त्याचा गार झोत आधी येऊन धडकतो. धावपट्टीवरचा विंडसॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी) सारखा उठत-पडत, फिरत असेल तर थांबायचं.

प्रशिक्षण सुरू होण्याआधी एवढं विचारा: आडव्या वाऱ्याची आणि झोताची मर्यादा किती ठरवली आहे, आणि उड्डाण थांबवायचा अंतिम अधिकार कोणाचा? उत्तर स्पष्ट मिळालं पाहिजे. परतीचं तिकीट त्याच संध्याकाळचं काढू नका. ‘आज एक तरी लाँच झालंच पाहिजे’ हा दबाव तिच्यावर आणि तिच्या शिक्षकांवर येता कामा नये.