पगार कुणाच्या हातात?

पत्र, थोडक्यात: यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही मोरोक्कोत, कासाब्लांकात राहतो. घरकामाला दोन वर्षांपासून अझिलालकडच्या डोंगरातली एक मुलगी आहे, आमच्याकडेच राहते. सोळा वर्षांची, फार गुणी. तिचे वडील महिन्यातून एकदा बसने येतात, पुदिन्याचा चहा घेतात, तिचा पगार घेऊन जातात. सज्जन माणूस. आता गावी तिचं लग्न ठरवलंय, मुलगा तिशीचा. सध्या नुसतं फातिहा, म्हणजे कुराणाचा पहिला अध्याय, वाचून लग्न लावायचं, कागद ती अठराची झाल्यावर करू, म्हणतात. मला झोप लागत नाही. हे म्हणतात, त्यांच्या परंपरेत आपण पडू नये. वडिलांना कसं समजावू? – एक वाचक

ताई,

वडिलांना समजावायचं राहू द्या. मी तुमच्या एकाच वाक्यावर अडून बसले आहे: 'तिचा पगार घेऊन जातात.' महिनाभर भांडी तिने घासायची आणि पैसे तुम्ही तिच्यादेखत वडिलांच्या हातावर ठेवायचे. तो चहाही तीच करून आणत असणार. आज ती सोळाची आहे, म्हणजे तुमच्याकडे आली तेव्हा चौदाची होती. हा हिशेब तुम्ही पत्रात कुठेच मांडलेला नाही.

तुम्ही लग्नाला परंपरा म्हणता आणि मोलकरीण ठेवण्याला सोय. डोंगरातल्या गरीब घरातली पोर शहरात कामाला धाडायची, ही तिथली तितकीच जुनी रीत आहे आणि ती तुमच्यासारख्या घरांच्या जोरावर चालते. 2018 पासून तिथे घरकामगारांचा कायदा लागू आहे. सोळा ते अठरा वयाच्या मुलींसाठी पाच वर्षांची सवलत होती, तीही 2023 च्या ऑक्टोबरात संपली. आता अठराखालची मुलगी कामाला ठेवणाऱ्याला 25 ते 30 हजार दिरहम दंड आहे. तो दंड बापाला नाही, तुम्हाला आहे.

मोरोक्कोच्या कौटुंबिक कायद्यात मेहेर, म्हणजे लग्नात नवऱ्याने बायकोला द्यायची रक्कम, बायकोच्या मालकीची असते, नवऱ्याची नाही की बापाची नाही. पगारही तिचाच असतो. तिच्या बाबतीत पगाराचं काय झालं ते तुम्ही दर महिन्याला बघता आहात, मेहेरचं याहून वेगळं काय होणार?

2004 मध्ये तिथे लग्नाचं वय अठरा झालं, पण न्यायाधीशाच्या परवानगीची वाट उघडी ठेवली. त्या वर्षी अल्पवयीनांची अशी 18 हजारांवर लग्नं झाली, 2011 मध्ये 39 हजारांवर. हे वडील तर कोर्टाचं तोंडही बघणार नाहीत. पूर्वी फातिहाच्या लग्नाला मागाहून कोर्टाकडून मान्यता मिळवता यायची, ती मुदत 2019 मध्ये संपली. नवऱ्याने उद्या टाकलं तर ही पोर बायको असल्याचं सिद्ध कशावर करणार? पोटगी राहिली बाजूला, मुलांच्या नावासाठीसुद्धा तिला कोर्टात खेटे घालावे लागतील.

धाक घालून लग्न लावणं हा तिथे 2018 पासून गुन्हा आहे. पण तक्रार त्या मुलीनेच करावी लागते. स्वतःच्या कमाईची नोट जिला कधी मोजू दिली नाही, ती वडिलांविरुद्ध एकटी उभी राहील, असं कसं धरून चालायचं? आणि तिला हे लग्न हवंय का, हे तुम्ही विचारलंत तरी का? इतक्या लांब पत्रात तिचं एकही वाक्य नाही. माझा जीव त्या मुलीसाठी तुटतो आहे, ताई, तुमच्या झोपेसाठी नाही.

याच आठवड्यात, वडील यायच्या आत, तिच्याशी दार लावून बोला. तिची तयारी असेल तर तिला घेऊन 'इन्साफ'च्या कचेरीत जा. संस्था कासाब्लांकातच आहे, घरकामाला जुंपलेल्या लहान मुलींना सोडवून पुन्हा शाळेत घालण्याचं काम करते. वडिलांशी कसं बोलायचं, प्रकरण कुठे न्यायचं, हे त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं कळतं. तिथे गेल्यावर पहिलं वाक्य हे बोला: 'ही चौदाची असल्यापासून माझ्याकडे कामाला आहे.' यजमान दंडाचं, नोकरीचं भय घालतील. घालू देत. निघताना दोन वर्षांच्या पगाराचा महिनावार हिशेब लिहून सोबत घ्या, आणि या महिन्याचे पैसे घरातून बाहेर पडण्याआधी तिच्या हातात द्या.