नववी-दहावीच्या गणिताच्या तासाला कोडी घ्यावीत का?

तुम्ही विचारलंय की दर तासाची शेवटची पाच मिनिटं कोड्यांना दिली तर मुलांची बुद्धी तल्लख होते का, आणि त्यासाठी कोडी कुठली घ्यावीत. आधी पाच मिनिटांचं सांगते: देऊ नका. त्यापेक्षा कोडी न घेतलेली बरी.

पाच मिनिटांत उत्तर कोणाला येतं? ज्यांचा हात एरवीही वर असतो त्या तीन-चार जणांना. बाकीचे दप्तर भरून घंटेची वाट बघतात. महिनाभर असं चाललं की वर्गात दोन गट पडतात, डोकेबाज आणि बाकीचे, आणि ‘बाकीचे’ ते मनाला लावून घेतात. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मी हेच मोठ्या हौसेनं केलं, पहिल्या उत्तराला फळ्यावर नाव लिहून. त्याचं मला वाईट वाटतं.

बुद्धी तल्लख होण्याचं म्हणाल, तर कोडी सोडवून माणूस कोडी सोडवण्यात तरबेज होतो. त्यानं बीजगणित आपोआप सुधारत नाही. पण एक गोष्ट कोड्यातून मिळते, ती मला पाठ्यपुस्तकातून कधी देता आली नाही. एका वर्षी ती माझ्या डोळ्यांसमोर घडली, म्हणून एवढं लिहायला बसले.

नववीचा वर्ग, चौथा तास. मी फळ्यावर बुद्धिबळाचा पट आखला, आठ गुणिले आठ, आणि तिरपे समोरासमोरचे दोन कोपरे पुसून टाकले. घरं उरली ६२. एक पट्टी शेजारची दोन घरं झाकते. ३१ पट्ट्यांनी सगळा पट झाकता येईल का? मॅक्स ब्लॅक या तत्त्वज्ञानं १९४६ मध्ये मांडलेलं हे कोडं. मुलांना सांगितलं, चौकटीच्या वहीत पट आखा, पेन्सिलीनं पट्ट्या काढा, खोडा, परत काढा. नियम एकच, उत्तर ओरडायचं नाही.

पहिली पाच मिनिटं सगळे निर्धास्त होते. ६२ भागिले २, ३१, झालं की! मग खोडरबराचा चुरा पडायला लागला. “बाई, दोनच घरं उरली.” “बाई, माझी पण दोनच.” वीस मिनिटांनी अर्ध्या वर्गाची खात्री झाली होती की उत्तर आहे आणि बाई मुद्दाम सांगत नाहीत. एरवी सगळ्यांच्या आधी उत्तर देणारा मुलगा चार पानं भरून रडकुंडीला आला होता. “सांगा ना बाई.” मी सांगितलं नाही.

तिसऱ्या बाकावर एक मुलगी होती. वर्षभरात आपणहून एकदाही बोलली नव्हती. सगळ्यांचे पट कोरे होते, हिनं मात्र घरं एकाआड एक रंगवली होती, कारण तिला पट खऱ्यासारखा दिसायला हवा होता. पेन्सिलीच्या शिशानं तिच्या तळहाताची कड काळी झाली होती. मी जवळ गेले तर हळूच म्हणाली, “बाई, माझी उरलेली दोन घरं दर वेळी काळीच का उरतात?”

मी तिला तेवढंच सगळ्यांना मोठ्यानं विचारायला लावलं. मुलांनी आपापले पट रंगवले. ज्यांची दोन घरं उरली होती त्या सगळ्यांची काळीच निघाली. वर्ग एकदम शांत. मग मागून कुणीतरी म्हणालं, “पट्टी एक काळं नि एक पांढरंच झाकते ना? आणि आपण कोपरे काढले ते दोन्ही पांढरे!” ३२ काळी, ३० पांढरी. तीस पट्ट्या बसल्या की पांढरी संपली, दोन काळी राहिली. तो चार पानं भरलेला मुलगा म्हणाला, “म्हणजे होणारच नाही.” मी विचारलं, “तुला?” तो म्हणाला, “कुणालाच नाही.”

‘मला जमलं नाही’पासून ‘कुणालाच जमणार नाही’पर्यंत तो मुलगा चाळीस मिनिटांत पोचला. गणितातली सिद्धता म्हणजे हेच.

त्या तासाला मुख्याध्यापक वर्गनिरीक्षणाला मागच्या बाकावर बसले होते. लॉगबुकात शेरा आला: घटक सोडून इतर बाबींत वेळ जातो, कोडी ऑफ तासाला घ्यावीत. ऑफिसात बोलावून म्हणाले, “मुलं खूश झाली म्हणजे शिकली असं नसतं, बाई.” मी ‘हो सर’ म्हटलं आणि सही केली.

पुढच्याच आठवड्यात √२ अपरिमेय आहे ही सिद्धता होती. ती मुलं दर वर्षी घोकतात आणि परीक्षेनंतर विसरतात. त्या वर्षी मी फळ्यावर ‘समजा, √२ परिमेय आहे’ लिहिलं आणि मागून प्रश्न आला, “बाई, म्हणजे पट्ट्यांसारखं? आधी भरला असं धरायचं आणि मग काय अडतं ते बघायचं?” अकरा वर्षं मी ती सिद्धता शिकवत होते, त्या ओळीवर मला कुणी काही विचारलं नव्हतं. सरांना हे सांगायला मी गेले नाही. जायला हवं होतं.

कोडी हा गणिताबाहेरचा उद्योग आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी क्योनिग्सबर्ग या युरोपातल्या जुन्या शहरातले सात पूल आठवावेत. प्रत्येक पुलावरून एकदाच जाऊन गावफेरी पुरी होते का, असं ते कोडं होतं. जमिनीचे चार भाग, आणि प्रत्येकाला विषम संख्येनं पूल जोडलेले. ऑयलर या गणितज्ञानं १७३५ मध्ये दाखवलं की अशी फेरी शक्यच नाही, आणि तिथून आलेख सिद्धांत ही, बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांचा अभ्यास करणारी, गणिताची अख्खी शाखा निघाली. हेही नववीच्या मुलांना चालतं, बोटानं पूल गिरवत बसतात.

कुठली घेऊ नयेत ते मला नक्की माहीत आहे: शब्दांचा खेळ करून फसवणारी. उत्तर कळल्यावर ‘हॅत्, असं होय!’ यापुढे काही उरत नाही, आणि फसलेल्या मुलाला आपण मूर्ख ठरलो असं वाटतं. ज्याच्या चुकलेल्या प्रयत्नांतूनही काही दिसतं ते कोडं घ्या. संभाव्यतेला तीन दारांचं घ्या: एका दारामागे बक्षीस, तुम्ही एक दार निवडता, बक्षीस कुठे आहे हे माहीत असलेला माणूस उरलेल्या दोनांतलं एक रिकामं दार उघडून दाखवतो, आता तुम्ही दार बदलावं का? १९९० मध्ये मॅरिलिन व्होस सावंत या अमेरिकन स्तंभलेखिकेनं दार बदलावं असं लिहिलं तेव्हा ती चुकली असं सांगणारी हजारो पत्रं तिला आली, त्यांत गणितातले पदवीधरही होते. वाद घालू नका, जोड्या करून तीन कपांखाली खडू लपवायला लावा, प्रत्येक जोडीला तीस वेळा. सगळ्या वर्गाची बेरीज केली की बदलणारे दोन-तृतीयांशच्या आसपास जिंकलेले दिसतात.

आता अडचणी. महिन्यातून एक तास, त्याहून जास्त मला कधी जमलं नाही. पटाचं हेच कोडं दुसऱ्या तुकडीत सपशेल पडलं, तिथं एकानं दहाव्या मिनिटाला उत्तर ओरडलं. सावकाश वाचणाऱ्या मुलांसाठी कोडं तोंडी सांगा आणि दोनदा सांगा. आणि अभ्यासक्रम मागे पडतो हे सरांचं म्हणणं खोटं नव्हतं, मी दोन तास मागे होते.

म्हणून टाचणात ‘मनोरंजक कोडी’ असं लिहू नका. ‘अप्रत्यक्ष सिद्धता: पूर्वतयारी’ असं लिहा, कारण ते तेच आहे, आणि सिद्धतेच्या आधीच्या आठवड्यात घ्या. आमच्या लॉगबुकात शेऱ्याखाली ‘शिक्षकाचे म्हणणे’ असा एक रकाना असायचा. मी तो कोरा सोडून सही केली. तुमच्याकडे तसा रकाना असेल तर त्या मुलीचा प्रश्न तिच्या शब्दांत तिथं उतरवा, आणि मग सही करा.