वळवाच्या वादळावर नजर ठेवायला रडार आणि उपग्रहाची चित्रं एकत्र कशी वाचायची?

आधी उपग्रह, मग रडार. ढग वर चढत असताना त्यात थेंब मोठे झालेले नसतात, त्यामुळे रडारला काहीच दिसत नाही. पण इन्सॅट या भारतीय हवामान उपग्रहाच्या अवरक्त (उष्णता टिपणाऱ्या) चित्रात ढगमाथा थंड होताना दिसतो. 15 मिनिटांत 8 अंश किंवा जास्त घसरण झाली, तर ढग जोमाने वाढतोय असं समजा. मग त्या जागी रडारवर 35 डीबीझेडचा (रडारकडे परतणाऱ्या प्रतिध्वनीची ताकद मोजायचं एकक) ठिपका उगवतो का ते पाहा. 50च्या वरचं प्रतिध्वनीक्षेत्र गोठणपातळीच्याही (तापमान शून्य अंश होतं ती उंची, मे महिन्यात साधारण 5 किमी) बरंच वर गेलं, तर गारांची शक्यता धरा.

दोन्ही चित्रं एकमेकांवर ठेवताना घोळ होतो तो इथे: उपग्रह विषुववृत्तावरून तिरका पाहतो. मुंबईच्या अक्षांशावर 15 किमी उंच ढगमाथा खऱ्या जागेपेक्षा साधारण 6 किमी उत्तरेला दिसतो. तेवढा दक्षिणेला सरकवा. वेळाही जुळवा, चित्रावरच्या यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळ) साडेपाच तास मिळवा.

रडारही सगळं पाहत नाही. क्षितिजापासून अर्धा अंश वर रोखलेला किरण 200 किमीवर जमिनीपासून चार किमी वर असतो, शिवाय मुंबईच्या रडारला सह्याद्री आडवा येतो. घाटामागे म्हणूनच उपग्रहावर जास्त भिस्त ठेवावी लागते.

एकदा ऐरण (वादळी ढगाचा सपाट पसरलेला माथा) पसरली की मात्र उपग्रहाचा थंड रंग फसवा. त्याखाली पाऊस नेमका कुठे, ते रडारलाच विचारा.