कवच नसलेले कृमीसारखे सागरी प्राणी मृदुकाय कसे?

नागपुरात बी.एस्सी. करताना आपल्याला पडलेला प्रश्न रास्त आहे: कवच नाही, आकार अळीसारखा, तरी अप्लॅकोफोरा हे सागरी प्राणी मृदुकाय संघात (गोगलगाय, शिंपले यांच्या गटात) का? कारण त्यांच्यापैकी बहुतेकांच्या तोंडात रेडुला, म्हणजे मृदुकायांची खास दातेरी पट्टी, असते आणि त्वचेवर चुनखडीचे सूक्ष्म काटे असतात. त्यांच्या सोलेनोगॅस्ट्रीस या गटात पोटाखालच्या अरुंद खाचेत पायाचा अवशेष उरला आहे. कॉडोफोव्हिआटा या दुसऱ्या गटातील प्राणी मात्र पाय पूर्ण गमावून गाळात डोके खाली व कल्ल्यांचे टोक वर ठेवून राहतात. २०१२ मध्ये वर्णिलेल्या, सुमारे ४२.५ कोटी वर्षांपूर्वीच्या कुलिंड्रोप्लॅक्स या जीवाश्माचे शरीर कृमीसारखे असूनही पाठीवर सात पट्टिका होत्या. म्हणून अप्लॅकोफोरांच्या पूर्वजांचे कवच पुढे नाहीसे झाले आणि कायटन (पाठीवर पट्टिकांचे कवच असलेले मृदुकाय) हे त्यांचे जवळचे नातलग, हेच मत मला भक्कम वाटते.