तीन दिवसांत नऊशे मैल

'ताई, सासू-सासरे एप्रिलमध्ये सहा महिन्यांसाठी आमच्याकडे मँचेस्टरला आलेत. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, त्यांची उमेदीची वर्षं उजनीवर गेली. आईंचे गुडघे दुखतात. मुलगी तेरा वर्षांची, मुलगा आठ. मेअखेरच्या हाफ टर्मच्या शाळेच्या सुट्टीत सात सीटची गाडी भाड्याने घेऊन आम्ही सगळे स्कॉटलंडला गेलो. एडिंबरा, लॉक नेस, स्काय, ग्लेन्को. तीन दिवसांत नऊशे मैल. निघायच्या आदल्या रात्री दीड वाजेपर्यंत मी धपाटे थापत होते. स्कायला पोचलो तर धो धो पाऊस. आई गाडीतून उतरल्याच नाहीत, बाबा बसल्या जागी झोपले, मुलीने कानातले इअरफोन काढले नाहीत. येताना पेट्रोल पंपावर माझं आणि नवऱ्याचं भांडण झालं, तेही आई-बाबांसमोर. आता मोठी सुट्टी लागेल आणि नवरा कॉर्नवॉल म्हणतोय. आई-बाबांना घरी ठेवून जावं का, की जाऊच नये? विचार मनात येतो आणि लगेच अपराधी वाटतं.'

अपराधी वाटून घेऊ नकोस. तुझं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात कुणाचाच वाईट हेतू दिसत नाही. नवऱ्याला वाटतं, आई-बाबा एवढ्या लांबून आले, व्हिसा, तिकीट, सगळा खटाटोप झाला, तर त्यांना जास्तीत जास्त दाखवावं. तुला वाटतं, बाहेर त्यांच्या जेवणाचे हाल नकोत. आई-बाबांना वाटतं, आपल्यामुळे मुलांचा खोळंबा नको, म्हणून ते काही बोलत नाहीत. सगळे एकमेकांसाठीच राबले आणि तीन दिवस गाडीत गेले.

माझी आई पहिल्यांदा इथे आली तेव्हा मीही हेच केलं. शेफील्डहून पहाटे निघून एका दिवसात लेक डिस्ट्रिक्टमधली पाच तळी दाखवली. रात्री तिने मावशीला फोन केला. 'सगळं सुंदर आहे गं,' ती म्हणाली, 'पण काचेतूनच पाहिलं.' मी शेजारच्या खोलीत होते. पुढच्या रविवारी आम्ही तिला घरापासून अर्ध्या तासावर पॅडली गॉर्जला नेलं, ओढ्याच्या काठी सतरंजी टाकली आणि चार तास कुठेही हललो नाही. तासाभराने तिने चपला काढल्या आणि पाण्यात पाय सोडले. मग वाईच्या घाटावर ती लहानपणी धुणं धुवायला जायची, एकदा नव्या परकराचा काठ वाहून गेला, आजीने कशी समजूत घातली, हे सगळं सांगत बसली. मी पस्तिशीची होते आणि यातलं काहीच मला ठाऊक नव्हतं.

तेव्हापासून मला विचारणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते: जवळ जा, एकाच जागी थांबा, आणि जागा निवडताना माणूस बघा. कॉर्नवॉल तुमच्या घरापासून एका बाजूला सहा तास, ऑगस्टातल्या शनिवारी त्याहून बरंच जास्त. तुमच्या दारातून तासाभरात पीक डिस्ट्रिक्ट सुरू होतं. ब्रिटनमधलं हे पहिलं राष्ट्रीय उद्यान, १९५१ सालचं. तुझ्या पत्रातल्या माणसांसाठी मला त्यातल्या दोन जागा लगेच सुचल्या.

पहिली बाबांसाठी. उजनीवर काम केलेला माणूस घरात असताना त्यांना किल्ले आणि राजवाडे दाखवत का फिरायचं? त्यांना अप्पर डरवेंट खोऱ्यात ने. तिथे एकाच नदीवर ओळीने तीन धरणं आहेत. वरची दोन, हाउडन आणि डरवेंट, दगडी बांधकामाची, १९१२ आणि १९१६ मध्ये पुरी झालेली. खालचं लेडीबॉवर मातीचं. त्याचं उद्घाटन १९४५ मध्ये राजे सहावे जॉर्ज यांनी केलं. जादा पाणी सोडण्यासाठी लेडीबॉवरच्या जलाशयात काठाशी दोन प्रचंड गोल विहिरी बांधल्यात, प्रत्येकीचा व्यास जवळपास २४ मीटर. पाणी काठोकाठ भरलं की त्यांच्या तोंडातून आत कोसळतं. उन्हाळ्यात पाणी खाली असतं तेव्हा त्या कोरड्या उभ्या दिसतात. हे असं का बांधलं, दरवाजे का ठेवले नाहीत, हे नातवाला कुणी सांगावं? तुझ्या नवऱ्याने फोनवर शोधून सांगण्यापेक्षा बाबांनी काठीने मातीत आकृती काढून सांगू दे.

आणि एक गोष्ट त्यांना मुद्दाम विचार. लेडीबॉवरच्या पाण्याखाली डरवेंट आणि ॲशॉप्टन ही दोन गावं गेली. डरवेंटच्या चर्चचा मनोरा कितीतरी दिवस पाण्याबाहेर डोकावत होता. डिसेंबर १९४७ मध्ये तो सुरुंगाने पाडला. दुष्काळी वर्षांत, २०१८ आणि २०२२ मध्येही, पाणी ओसरलं तेव्हा डरवेंटच्या घरांचे पाये उघडे पडले आणि लोक बघायला गेले. उजनीत पळसदेवचं पळसनाथ मंदिर उन्हाळ्यात असंच वर येतं. बाबांनी ती गावं उठताना पाहिली असतील, किंवा उठलेल्या माणसांशी त्यांचा रोजचा संबंध आला असेल. ते कदाचित थोडंच बोलतील. मुलांना तेवढं ऐकू दे. मध्ये फोटोसाठी उठवू नका.

गाडी फेअरहोम्सला लावा. ते डरवेंट धरणाच्या अगदी पायथ्याशी आहे. स्वच्छतागृह, चहा-खाण्याचा स्टॉल तिथेच मिळतं. ऊन पडलेल्या रविवारी पार्किंग लवकर भरतं, तेव्हा दहाच्या आत पोचा. तिथून पुढे जलाशयाच्या काठाने जाणारा रस्ता शनिवार-रविवारी गाड्यांसाठी बंद असतो. त्यामुळे आईंना सपाट डांबरी रस्त्यावर झेपेल तेवढं चालता येईल आणि दमल्या की बसता येईल. धरणापाशी एक छोटा दगड आहे, टिप नावाच्या मेंढपाळी कुत्रीच्या स्मरणार्थ. १९५३ च्या हिवाळ्यात तिचा म्हातारा धनी वरच्या माळावर वारला आणि ती पंधरा आठवडे त्याच्यापाशी बसून राहिली. तुझ्या आठ वर्षांच्या मुलाला धरणांपेक्षा हेच जास्त लक्षात राहील.

दुसरी जागा आईंसाठी. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत इथल्या माळांवर बिलबेरी पिकते. गुडघ्याएवढी झुडपं आणि त्यांत काळी-निळी, मण्याएवढी फळं. खाल्ली की जीभ जांभळासारखी रंगते. पानांआड हात घालून एकेक फळ शोधायचं काम थेट करवंदांच्या जाळीची आठवण करून देतं, फक्त इथे काटे नाहीत. ग्रिंडलफर्डजवळच्या लाँगशॉ इस्टेटवर, म्हणजे मी वर सांगितलेल्या पॅडली गॉर्जच्या वरच्या अंगाला, ती भरपूर आहे. जागा नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेची. गाडी वरच लावता येते, कॅफे आहे, आणि सुरुवातीची वाट सौम्य आहे. गॉर्जमधली वाट मात्र मुळांची आणि दगडांची आहे, तिकडे आईंना उतरवू नका. घडीची खुर्ची सोबत न्या. आईंना झुडपाशेजारी बसवा आणि मुलांच्या हातात डबे द्या. घरच्यापुरती रानफळं तोडायला इथे हरकत नसते, विकायला नको. ओळखीचं तेवढंच तोडायचं आणि माळावरच्या पक्ष्यांसाठी मागे ठेवायचं, हे मुलांना आधीच सांगा. घरी आल्यावर त्याचा मुरांबा आईंनी करायचा आणि तू शेजारी बसून चहा प्यायचा.

धपाट्यांबद्दल बोलायला हवं, कारण माझ्या मते तुमच्या स्कॉटलंडच्या सहलीचं खरं दुखणं तिथे आहे. निघतानाच तू दमलेली होतीस. घरातली एक बाई आधीच्या रात्री चार तासच झोपली असेल तर सहल सुरू होण्याआधीच संपते. यावेळी एका दिवसासाठी फक्त दशम्या, शेंगदाण्याची चटणी, काकडी आणि थर्मासभर चहा. दशम्या दुधात भिजवलेल्या असल्याने मऊ राहतात. त्या नवऱ्याने आणि मुलीने मिळून करायच्या, वेड्यावाकड्या झाल्या तरी. दोन रात्री राहायचं ठरलं तर वायएचएची वसतिगृहं बघ. नाव यूथ हॉस्टेल असलं तरी बहुतेक ठिकाणी कुटुंबासाठी वेगळ्या खोल्या मिळतात आणि पुष्कळ ठिकाणी सगळ्यांसाठी सामायिक स्वयंपाकघर असतं. खोली घेताना आईंसाठी तळमजला किंवा लिफ्ट आणि खालचा बिछाना मागून घे, बंक बेडची शिडी त्यांना जमायची नाही. तिथे संध्याकाळी मुगाची खिचडी, वर तूप, भाजलेला पापड. गोडा मसाला पुडीत बांधून ने. डाळ-तांदूळ मुलगा धुईल. बाबांनी आयुष्यात भांडी घासली नसतील, पण सगळे हात लावतात तिथे तेही लावतात. हे मी माझ्या घरात पाहिलंय.

एक कळकळीची विनंती. माळावर ते फॉइलच्या ताटलीतलं डिस्पोजेबल बार्बेक्यू पेटवू नका. खालची जमीन पीटची असते, म्हणजे वाळली की आतून जळणारी. २०१८ च्या उन्हाळ्यात तुमच्याच बाजूच्या सॅडलवर्थ मूरला आग लागली तेव्हा लष्कराला बोलवावं लागलं होतं.

बाकीचं थोडक्यात. गाडी नको असेल तर मँचेस्टरच्या पिकॅडिली स्टेशनहून रेल्वेने इडेल पाऊण-एक तासावर आहे, आणि त्याच मार्गावर पुढे ग्रिंडलफर्ड. फॅमिली अँड फ्रेंड्स रेलकार्डवर चार मोठे आणि चार मुलं जाऊ शकतात, मोठ्यांना एक तृतीयांश आणि मुलांना साठ टक्के सवलत. तुम्ही चार मोठे आणि दोन मुलं, बरोबर बसता. आई-बाबांचा प्रवास विमा सहाही महिन्यांचा आहे ना, ते बघून घे. त्यांची औषधं एका पिशवीत तुझ्याजवळ हवीत, गाडीच्या डिकीत नकोत. आईंना साडीच नेसायची असेल तर नेसू दे, पण पायात पकड असलेले बूट आणि वर पावसाचं जाकीट. माळावरच्या वाऱ्यात छत्री टिकत नाही. जिथे जायचं तिथे स्वच्छतागृह कुठे आहे, हे निघण्याआधी आईंना सांगून ठेव. पुष्कळ बायका बाहेर पडायचंय म्हणून सकाळपासून पाणीच पीत नाहीत. तुझ्या सासूबाई स्कायला गाडीतून का उतरल्या नाहीत, त्याचं कारण कदाचित पाऊस नसेल. एकदा एकट्या असताना विचार.

राहिली मुलगी. तेराव्या वर्षी आई-वडिलांबरोबर जायला आवडत नाही, हे दुखणं परदेशातलं नाही, पुण्यातही तेच आहे. इअरफोन काढायला सांगू नकोस. तिला असं काम दे की ते तिने केलं नाही तर सगळे अडतील. वर्षा-दोन वर्षांत तिच्या शाळेतल्या मुली ड्यूक ऑफ एडिंबरा अवॉर्ड या तरुण मुलांसाठीच्या उपक्रमाच्या ब्राँझ, म्हणजे पहिल्या पायरीच्या, मोहिमेला जातील. त्यात एक रात्र तंबूत राहून, पाठीवर सामान घेऊन, नकाशावर वाट काढत दोन दिवस चालायचं असतं. त्याची तयारी आत्ता आजोबांबरोबर होऊ दे. ज्यांनी सर्व्हेचे नकाशे वाचण्यात नोकरी काढली त्यांच्याइतका चांगला शिक्षक तिला मँचेस्टरमध्ये मिळणार नाही. त्यांनी समोच्च रेषा समजावून सांगायच्या आणि तिने वेळेचा हिशोब करायचा. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये घालून दिलेला नियम सोपा आहे: दर तीन मैलांना एक तास, शिवाय दर दोन हजार फूट चढाला आणखी एक तास. आजी बरोबर असेल तर त्याच्या दुप्पट धरायचं. कुठे वळायचं, कुठे थांबायचं, परत कधी फिरायचं, हे ती ठरवेल. चुकली तर अर्धा मैल जास्त चालावं लागेल, एवढंच.

नकाशावरची नावं आजोबांना वाचून दाखवायला सांग. 'एज' म्हणजे कडा, 'क्लफ' म्हणजे घळ, 'ब्रुक' म्हणजे ओढा. घळ हा शब्द तिने घरात कधीच ऐकला नसेल, कारण मँचेस्टरच्या घरात घळीचं काम काय! तो तिला तिथे समोर दिसेल.

डरवेंटचं खोरं ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेच्या एक्सप्लोरर ओएल१, 'डार्क पीक' या नकाशात आहे, लाँगशॉसाठी मागव ओएल२४. दोन्ही कागदीच घे, कारण त्या खोऱ्यात फोनला रेंज धड मिळत नाही. नकाशे घरी आले की जेवणाच्या टेबलावर पसर, पेन्सिल मुलीच्या हातात दे आणि बाबांना हाक मार. कॉर्नवॉलचं नवऱ्याशी त्यानंतर बोल.